ओट्यावरची कोडी

उन्हाळ्याची सुटी लागली, की पाटोद्यात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही. बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातले हे गाव. माळावरचे ऊन थेट अंगणात उतरते. अशाच एका उन्हाळ्यात कडुनिंबाच्या सावलीतील एका ओट्यावर पाचसहा मुलामुलींचा मेळा रोज जमत असे. मध्ये वर्तमानपत्रातले शब्दकोडे, आणि सगळ्यांत मिळून एकच बोथट पेन्सिल.

उभ्याआडव्या चौकटींचे हे कोडे मूळचे आपले नव्हे. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन याने असे पहिले कोडे छापले. पुढे इंग्लंडातील लोकांनी त्यात थोडी लबाडी आणली. सूचना वाचताना एक अर्थ मनात यावा आणि उत्तर भलतेच निघावे! ही लबाडी मात्र मराठी माणसाला नवी नव्हती. आपल्याकडे उखाणे होते, गोव्याकडे हुमाणे होती. आणि मोरोपंतांनी तर ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरे वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ‘म’ वर्ज्य, म्हणजे ‘राम’ हा शब्दच वर्ज्य! रामाचे नाव न घेता रामकथा सांगायची. याहून अवघड कोडे पंडितांनाही कोणी घातले नसेल.

वर्तमानपत्रातले कोडे संपले, की ओट्यावरची मंडळी आपली कोडी काढीत. एकदा एका मुलीने विचारले, “जिल्हा उलटा केला, तर त्याला झाकण लागते. सांगा.”

लातूर, जालना, परभणी, सगळे जिल्हे उलटून झाले. कोणाचेच झाकण लागेना. शेवटी आपला स्वतःचा जिल्हा आठवला. एकाने घाईघाईने ‘बीड’ उलटे लिहिले, ते ‘डीब’ झाले. सगळे हसले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की अक्षर जागा बदलते, पण आपली वेलांटी मागे ठेवून जात नाही. आधी ‘ड’, मग ‘बी’. डबी!

मग काय, साऱ्या परिसराची मोडतोड सुरू झाली. मुंबईच्या परळला वेलांटी दिली, की वैद्यनाथाचे दर्शन घडते, ते कसे? परळी! आपल्याच तालुक्यातल्या डोंगरात जन्मते आणि गोदावरीला मिळते. शेवटचा काना खोडला तर दूध चोरते, ती कोण? मांजरा नदी!

या ओट्याचा एकच कायदा होता : फसवावे, पण खोटे बोलू नये. डबीला झाकण असतेच. मांजर दूध चोरतेच. एका मुलाने मागे एकदा कोणी उत्तराजवळ पोहोचले, की मनातले उत्तर बदलले होते. ते उघडकीस आल्यावर दोन दिवस खेळ बंद पडला होता.

कायद्याचा सर्वांत कडवा रखवालदार म्हणजे वडिलांच्या बदलीमुळे शहरातून आलेला एक मुलगा. त्याच्या खिशात नेहमी एक लहानसा शब्दकोश असे. एके दिवशी ओट्याच्या पायरीवर एक मुलगी येऊन बसली. आईवडिलांबरोबर ती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेली होती आणि नुकतीच परतली होती. अर्धे वर्ष तिची शाळा बुडाली होती.

“तुला जमायचे नाही,” कोशवाला म्हणाला. “याला पुष्कळ शब्द यावे लागतात.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी घालू का एक? घरातून दोघे गेले. मुकादमाने एकच मोजला. तो एक हातात धरला, की फड आडवा होतो.”

कोशवाल्याने डोके खाजवले. दोघांचा एक कसा होईल? सावली? जोडी? पण जोडी हातात कशी धरणार? ओट्यावरच्या दोघांना उत्तर केव्हाच कळले होते, कारण त्यांच्याही घरची माणसे दरवर्षी जात. पण ती दोघे खाली बघून हसू दाबीत होती. अखेर त्याने हात टेकले.

“कोयता,” ती म्हणाली.

त्याने झटकन कोश उघडला. “हे बघ, कोयता म्हणजे तोडण्याचे हत्यार. दोन माणसे कुठे आहेत यात? तू कायदा मोडलास!”

“मुकादमाच्या वहीत आहेत,” ती शांतपणे म्हणाली. “नवराबायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. उचल तशीच देतात आणि हिशेबही तसाच करतात. माझे आईबाबा म्हणजे एक कोयता.”

त्याने इतरांकडे पाहिले. मघाची दोघे आता हसत नव्हती. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने बोथट पेन्सिल मागून घेतली, कोशाच्या समासात बारीक अक्षरांत दुसरा अर्थ लिहिला, आणि सरकून ओट्यावर जागा केली.

“वर ये,” तो म्हणाला. “आणि आणखी एक घाल.”