पितळी कडं

मोपाच्या चढावर तिसरा गिअर निसटला. दुसरा टाकताना नुसता खरखराट. पावसात ओढून आणलेला तो जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप डिचोलीच्या गॅरेजात उभा राहिला, तेव्हा मालकही दिवसभर तिथेच बसून राहिला.

अशा गाडीचा गिअरबॉक्स एकटा उतरत नाही. मागे ट्रान्सफर केस असते. तिच्यातून एक प्रॉपेलर शाफ्ट पुढच्या चाकांकडे, दुसरा मागच्या. ते आधी सोडवायचे, मग जॅकवर तोल सावरत पेटी इंजिनापासून मागे ओढायची. ऑईल निघालं ते दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेलं. त्यात पितळेचे बारीक कण चमकत होते.

मिस्त्रीने एक पितळी कडं मालकाच्या तळहातावर ठेवलं. गिअर बदलताना दोन वेगळे वेग जुळवून घेणारं ते कडं. त्याचे दाते बोथट झाले होते.

तो बराच वेळ पाहत राहिला. ही गाडी खाणीवर राबलेली. २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तांबड्या धुळीतून गाडी पेडण्याच्या भाजीकडे वळली, तसा तोही. ते वळणं सोपं नव्हतं. घरात त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

दुसरी पेटी बसली. सगळं उघडलेलंच होतं, म्हणून क्लच प्लेटही नवी घातली. संध्याकाळी दुसरा गिअर इतका अलगद पडला, की त्याचा हात दांड्यावरच राहिला.

कडं त्याने खिशात टाकलं होतं.