सोपेचे दोन थेंब

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे म्हणतात बडीशेप. लग्न होऊन कळंबला आले त्याला चार-सहा दिवसही झाले नसतील, सासरे जेवण आटोपून पाटावरून उठता उठता म्हणाले, "सूनबाई, सोप आणा." मी मुकाट्यानं न्हाणीघरातली साबणाची वडी नि पाण्याचा तांब्या घेऊन हजर! ती गोष्ट आमच्या घरी अजून आल्यागेल्या पाहुण्याला सांगितली जाते. मी आता हसून घेते. सोपेची दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र घरात कुणी काढत नाही. आज ती मीच सांगणार आहे.

विदर्भात सोपेवाचून पान हलत नाही. पंगत उठली की सोप-सुपारीचं तबक फिरलंच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. त्या दिवसांत सासूबाई रात्री मूठभर सोप माठाच्या पाण्यात भिजत घालतात, सकाळी ती वाटून, गाळून, खडीसाखर घालून सरबत करतात. पोटाला इतकं गार वाटतं की शाळेतून आल्यावर मी आधी तो तांब्या शोधते. (मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. विषय मराठी आणि इतिहास, पण कुणी रजेवर गेलं की गणितसुद्धा माझ्याच गळ्यात.) आपल्याकडे सोप येते ती बहुतेक गुजरात-राजस्थानातून. घेताना एक करावं. फार हिरवीगार दिसली की चार दाणे पाण्यात टाकून पाहावेत. पाणी लगेच हिरवं झालं तर तो रंग दुकानदारीचा, सोपेचा नव्हे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझी धाकटी नणंद बाळंतपणाला आली. पहिलंच बाळंतपण, मुलगा. सव्वा महिना झाला नि पोरानं रोज संध्याकाळी रडायला सुरुवात केली. दिवेलागण झाली की पाय पोटाशी घेऊन, मुठी वळून जो सूर लावायचा तो रात्री दहा-अकरापर्यंत. नणंद रडायची, सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या, आमचे हे गच्चीवर जाऊन बसायचे. सासूबाईंचा उपाय ठरलेला, सोप उकळून त्याचं चमचाभर पाणी. त्यानं फारसा फरक पडेना.

माझ्याकडे एक बाटली होती. भाचीनं दिवाळीला सुगंधी तेलांचा एक संच भेट दिला होता, त्यातली १० मिलिलिटरची सोपेच्या तेलाची. आणि मी, बीए झालेली घरातली शिकलेली सून, मोबाइलवर वाचत बसले. एका ठिकाणी वाचलं की रशियात सेंट पीटर्सबर्गला डॉक्टरांनी पोटदुखीनं रडणाऱ्या तान्ह्या बाळांना सोपेचं तेल देऊन पाहिलं आणि शंभरातल्या ६५ बाळांचं रडणं थांबलं. तेलाशिवाय नुसतंच औषधासारखं पाणी दिलेल्यांपैकी २४ बाळांचं. वाचलं ते खरं होतं. तो अभ्यास २००३ साली छापून आला आहे. मी तेवढंच वाचलं नि उठले.

सासूबाई म्हणाल्या, "लेकराले ते तेलगिल कायले देता व? दाणे बरे आहेत नं आपले."

मी म्हटलं, "अहो आई, दाण्यातलंच तेल आहे ते."

चमच्यात आईचं काढलेलं दूध घेतलं. दोन थेंब टाकायचे ठरवले होते. बाटलीच्या तोंडाची बुचकळी निघून आली आणि थेंबांऐवजी धारच लागली. चमचा तिरपा करून वरचं तेल ओघळवून टाकलं. आत किती राहिलं ते देवच जाणे. मला वाटलं, सोपच तर आहे. चमचा बाळाच्या तोंडाला लावला.

त्याला ठसका लागला. मग ओकारी झाली. मग तो रडायचाच थांबला, नि ते रडणं थांबणं मी जन्मात विसरणार नाही. अंग सैल, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाला सोपेचा घमघमाट. सासूबाई ओकारी काढायला त्याच्या घशात बोट घालायला निघाल्या, यांनी घाबरून त्यांचा हात धरला. शेजारच्यांची गाडी काढली. कळंबहून यवतमाळ वीस-बावीस किलोमीटर, बाहेर पाऊस. वाटेत नणंद एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वहिनी, तुम्ही काय दिलं त्याले?"

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बाटली आणली का?" घाईत ती माझ्या पदराच्या गाठीत तशीच होती, म्हणून निभावलं. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पोटात घेऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे. मी पाचवी ते सातवीच्या मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं वर्षानुवर्षं बजावत आले आहे!

छातीचा फोटो काढला. असं तेल पोटात गेल्यापेक्षा ठसक्यातून फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट, म्हणून बोट घालून ओकारी काढायची नसते, हे तिथं कळलं. दीड दिवस बाळाला देखरेखीखाली ठेवलं. छाती स्वच्छ होती, दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा भुकेनं ओरडला. त्या ओरडण्यानं वॉर्डातल्या आम्हा तिघींना एकदम रडू फुटलं.

घरी आल्यावर मी तो रशियाचा अभ्यास पुन्हा वाचला, या वेळी पुरता. त्यांनी दिलेलं तेल ०.१ टक्के होतं. म्हणजे हजार थेंबांत एक थेंब, आणि तेही पाण्यात एकजीव होईल असं मुद्दाम तयार केलेलं. घरच्या चमच्यात तेल काही मिसळत नाही. ते वर तरंगतं आणि जसंच्या तसं बाळाच्या जिभेवर येतं. सातवीला शतमान शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून तो दशांशचिन्हाचा ठिपका निसटला होता.

मग वहीत हिशेब मांडला. सोपेच्या दाण्यात शंभर ग्रॅममागे साधारण तीन-चार ग्रॅम असं उडणारं तेल असतं. म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीत पाव किलो ते तीनशे ग्रॅम सोपेचा अर्क झाला. एका थेंबात जवळजवळ पाऊण चमचा दाणे. आपण चिमूटभर सोप चघळतो तेव्हा चोथ्यासकट थोडं थोडं पोटात जातं, उकळलेल्या पाण्यातही सगळं तेल उतरत नाही. बाटलीत मात्र नुसतं तेच असतं. सोपेला गोडूस वास देणारा त्यातला मोठा भाग म्हणजे अ‍ॅनेथॉल. त्याच्या जोडीला फेन्कोन नि एस्ट्रॅगोल. या एस्ट्रॅगोलबद्दल युरोपच्या औषध संस्थेचं म्हणणं असं आहे की लहान मुलं, गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या पोटात ते होईल तितकं कमी जावं.

मोठ्या माणसांनाही तेल पोटात घेणं धोक्याचं आहे. मोरोक्कोतली एक हकीकत २०११ साली वैद्यकीय मासिकात आली. अडतीस वर्षांच्या बाईची फिटची जुनी तक्रार औषधांनी आटोक्यात होती. सोपेचं तेल घातलेले केक खाल्ले नि तिला पुन्हा फिट आली, पाऊण तास शुद्ध नव्हती. घरात कुणाला फिट येत असेल तर हे तेल खाण्याच्या पदार्थात घालू नये. तेल तसंच कातडीवर चोळूनही चालत नाही, आग होते. आणि ज्यांचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत त्यांनी सोपेचे काढे-तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण शरीरातल्या स्त्री-संप्रेरकासारखा थोडासा गुण सोपेत असतो.

दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला सोपेचं पाणी तांब्या-तांब्यानं पाजतात, तिथंही हात आखडता बरा. १९९४ साली इटलीतल्या दोन बायकांची हकीकत छापून आली होती. ज्येष्ठमध, सोप वगैरे घातलेला चहा त्या दिवसाला दोन लिटरहून जास्त पीत. त्यांची पंधरा-वीस दिवसांची बाळं मलूल झाली, दूध ओढीनात. चहा बंद केल्यावर सुधारली. जेवणानंतरच्या चिमूटभर सोपेला याची भीती नाही, ती मजेत खावी. बाळंतशोपा मात्र वेगळ्या बरं का, त्या शेपूचं बी. चपट्या, तपकिरी, कडवट. आमच्या नणंदेनं तीळ-खोबऱ्यात घालून खाल्ल्या त्या याच. पुष्कळ जणी दोन्ही एकच समजतात.

सासूबाईंचं सोपेचं पाणीसुद्धा डॉक्टरांनी बंद करवलं. सहा महिने आईच्या दुधावाचून काही नाही, साधं पाणीही नाही. असं संध्याकाळचं रडणं दीड महिन्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, तोवर खांद्यावर घेऊन फिरायचं, ढेकर काढायची. ताप असेल, हिरवी ओकारी होत असेल, दूध सोडलं असेल तर ताबडतोब आणायचं. सासूबाईंना ते लागलं. त्यांनी पाच मुलं त्याच पाण्यावर वाढवली होती. पण "आमचंही चुकत होतं म्हणा," एवढं त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, नि माझ्या वाटणीच्या अपराधातला थोडा त्यांनी उचलून घेतला असं मला वाटलं.

नणंद काही बोलली नाही. तिच्या सासरी अमरावतीला फोनवर तिनं 'उलटी झाली होती' इतकंच सांगितलं. पण पंधरा दिवस तिनं बाळ माझ्या हातात दिलं नाही. मी हात पुढे केला की म्हणायची, "राहू द्या वहिनी, झोपलाय." तो टक्क जागा असायचा. मी पोळ्या लाटत राहायची. एके संध्याकाळी चिंतामणीच्या देवळात गेले. तिथं पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्याशी जावं लागतं. खाली उतरले, नमस्कार केला, मागायचं काय ते सुचेना, तशीच वर आले.

एका रात्री दोनच्या सुमाराला दार वाजलं. नणंद उभी, केस विस्कटलेले, खांद्यावर तो किंचाळतोय. "वहिनी, घ्या नं याले जरा," म्हणाली नि माझ्याकडे देऊन माझ्याच पलंगावर आडवी झाली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी पहाटे चारपर्यंत फिरत होते.

तो आता तीन वर्षांचा आहे. कळंबला आला की जेवण झाल्यावर आजीच्या डब्याशी जाऊन हात पसरतो. दाणा घशात अडकू नये म्हणून सासूबाई चिमूटभर सोप खलबत्त्यात कुटून त्याच्या तळहातावर ठेवतात. ती बाटली मी बरेच दिवस कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती. गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत फरशी पुसायच्या पाण्यात संपवून टाकली. दोन दिवस घरभर वास येत होता. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त खिडक्या उघडत गेल्या.