आधी धाकट्याला विचारा

कुरआनात मूसा अलैहिस्सलाम आपल्या लोकांतून सत्तर माणसं निवडतात. तौरातमध्येही सत्तर वडीलधारे आहेत. जेरुसलेमच्या ज्यू पंचसभेत, सॅन्हेड्रिनमध्ये, 71 जण असत ते त्याच हिशोबानं: सत्तर आणि वर मूसा. मिश्ना सांगते, हे पंच अर्ध्या गोल खळ्यासारखे बसत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसे. खळं म्हटलं की कारेगावच्या जुन्या माणसांना लगेच कळेल.

देहदंडाच्या खटल्यात मत आधी धाकट्यांचं घेत. थोरला बोलून गेल्यावर त्याच्याविरुद्ध कोण जाणार? तालमूद तर म्हणतो, सगळ्यांनीच दोषी ठरवलं तर आरोपी सुटला!

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांतही मुकादम, चौगुले, काजी होते. शब्द आपल्याच ओळखीचे.

आमच्या बैठकीत मात्र इत्तिहाद म्हणजे एकानं बोलायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. रांजणगाव एमआयडीसीत कामाला आलेली, इथं भाड्यानं राहणारी पोरं शेवटच्या सफेत बसतात आणि गुपचूप निघून जातात. पुढच्या वेळी पहिलं त्यांना विचारा, असं मी सुचवलंय. वडीलधारे म्हणाले, बघू.