वहीतले दोन रकाने

नांदेडच्या चाचांचं दोन हजार रुपयांचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे. मी लातूरला गाड्यांचं रिमॅपिंग करतो, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलतो. चाचांनी लॅपटॉपला कधी हात लावला नाही. तरी या धंद्यातलं मला जे काही येतं, ते त्यांच्या दुकानात बसून आलं.

आयटीआय करून मी २०१४ साली एका गॅरेजात लागलो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, तिथं वायर लावली की गाडी लॅपटॉपशी बोलते, हे पहिल्यांदा पाहिलं आणि वेड लागलं. उसने पैसे घेऊन नकली टूल मागवलं. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या त्या कॉम्प्युटरमध्ये, आकड्यांचे तक्ते असतात. इतके आरपीएम, पाय इतका दाबलेला, तर एका स्ट्रोकला इतके मिलिग्रॅम डिझेल. त्यालाच मॅप म्हणतात. आकडा वाढवला की ताकद वाढली, एवढंच मला समजलं होतं. स्विफ्ट-व्हिस्टात येणारं फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन ७५ घोड्यांचंही होतं आणि ९० घोड्यांचंही. फरक फक्त प्रोग्रॅमचा, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचो. ९०वाल्याचा टर्बोच वेगळा, व्हेरिएबल असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

मग एक भाड्याची गाडी आली. मालक औशाकडचा शेतकरी, लग्नसराईत गाडी चालवून हप्ते फेडणारा. म्हणाला, भरल्या गाडीला पिकअप नाही. आधी मूळ फाईल वाचून जपून ठेवायची असते. पण वाचायला तास-दीड तास लागायचा, लाइटीचा भरवसा नव्हता आणि मला घाई होती. मी ती पायरी सोडली आणि विकत घेतलेली तयार फाईल सरळ आत लिहिली. गाडी पळायला लागली. मागून काळा धूर यायचा, तो बघून मालक खूष आणि मीही खूष.

पंधरा-वीस दिवसांनी, मे महिन्यात, बीडहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात टर्बो गेला. गाडीत वऱ्हाड होतं. दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गॅरेजात आली. मालक ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो बाकड्यावर बसून राहिला आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या चार तारखा घेतलेल्यात मी."

इंजेक्टर तपासायला मला नांदेडला पाठवलं. चाचांचं पंप-नोझलचं जुनं दुकान. ट्रकचे मायकोचे पंप खोलण्यात त्यांची हयात गेलेली. कॉमन रेलचं मशीन पुढे मुलानं बसवलं. त्यांनी इंजेक्टरचं टोक भिंगाखाली धरलं आणि विचारलं,

"काय वाढवलंस बेटा?"

"फाईल टाकली."

"फाईलमध्ये काय वाढवलंय?"

मला माहीत नव्हतं.

"बरं, आधी किती होतं?"

तेही माहीत नव्हतं. इतकी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

ते रागावले नाहीत. मला टेस्ट बेंचसमोर उभं केलं. सहा सिलिंडरचा पंप फिरत होता आणि सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडत होतं. पाच नळ्या सारख्या भरल्या, सहावी मागे राहिली. "हा ड्रायव्हर म्हणतो पंप वाढवून द्या. वाढवू का?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सहाव्याचा झिजलेला प्लंजर बदलला. वाढवायचा स्क्रू तसाच राहिला. काम झाल्यावर त्या स्क्रूला तार घालून शिशाचं सील मारलं.

त्यानंतर मी आठ महिने दर सोमवारी लातूरहून पहाटेच्या एसटीनं नांदेड गाठत राहिलो. चाचांच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने असत, 'आला' आणि 'गेला'. पंप आला तेव्हा प्रत्येक नळीचं माप काय होतं आणि जाताना काय होतं. आलेलं माप लिहिल्याशिवाय ते पान्याला हात लावू देत नसत. पुढे तशाच एका गाडीची मूळ फाईल मिळाली, तेव्हा मी ती माझ्या फाईलशेजारी मांडली. किती हवेला जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं, याचा एक वेगळा तक्ता असतो. धुरावरचा लगाम तोच. तयार फाईल बनवणाऱ्यानं तो पार सैल सोडला होता. उन्हाळ्यात हवा विरळ होते, घाटात पाय दाबलेला राहतो, जास्तीच्या डिझेलनं धूर फार तापतो आणि टर्बो भाजतो. चाचा ज्या स्क्रूला सील मारत, तोच इथं आकडा होऊन बसला होता.

२०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनची बातमी आली. तपासणीच्या रोलरवर गाडी आहे हे प्रोग्रॅम ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर साफ ठेवायचा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. मी मोठ्या कौतुकानं चाचांना समजावून सांगायला गेलो. ते हसले. "ट्रकवाले आरटीओ पासिंगच्या आधी पंप कमी करून न्यायचे, पास झाला की पुन्हा वाढवायला यायचे. माझ्याकडेच यायचे." थोडं थांबून म्हणाले, "मीही केलंय पहिली काही वर्षं." ते सील त्यानंतरचं होतं.

आजही माझा धंदा स्वच्छ आहे असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मना करतं, आणि रिमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी धोक्यात येते. हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करायची कामं घेत नाही. पिकअप नाही म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत फिल्टर तुंबलेला, नाहीतर इंटरकूलरचा पाइप फुटलेला निघतो. तो बदलून देतो आणि लॅपटॉप उघडतच नाही. फाईलींची नावं 'आला' आणि 'गेला' अशीच ठेवतो. पोरं हसतात.

राहिलं ते दोन हजारांचं. त्या शेतकऱ्याचा टर्बो चाचांनी स्वतःच्या ओळखीवर उधार आणून दिला होता. त्याच्या चार तारखांपैकी तीन तरी निभावल्या. मी ते पैसे हप्त्या-हप्त्यानं फेडत आलो. शेवटचे दोन हजार घेऊन गेलो, तेव्हा चाचांनी नोटा माझ्याच खिशात कोंबल्या.

"राहू दे. सगळं फेडलंस तर नांदेडला कशाला येशील?"

आता ते दुकानात बसत नाहीत, घरीच असतात. मी जातो, नोटा पुढे करतो, ते परत करतात, आणि मग चहा येतो.