नाणेघाट खालून चढावा

नाणेघाटाला हल्ली माणसं वरून येतात. जुन्नरहून घाटघरपर्यंत गाडीरस्ता आहे. पावसाळ्यात कड्याच्या तोंडाशी उभं राहिलं की उलटा धबधबा दिसतो. कोकणातून चढून आलेला वारा घळीत कोंडतो आणि कड्यावरून पडणारं पाणी पुन्हा वर, आपल्या अंगावर भिरकावतो. पाहताना भान हरपतं. पण नाणेघाट ही मुळात वाट आहे, आणि वाट पायांनाच कळते.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेल्या एसटीतून वैशाखऱ्याजवळ उतरावं. समोर नानाचा अंगठा नावाचा कडा उभा ठाकलेला असतो. आधी रान, एखाददुसरा ओढा, मग छातीवरची चढण. दम लागू लागतो तोच पायांखाली घडीव दगडांच्या पायऱ्या येतात, आणि माझं मन दर वेळी हरखतं. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला, पुढे पार पैठणपर्यंत जाई. आपल्या पाठीवर फक्त पाणी आणि डबा. पाठीवर ओझी लादून इथे चढलेल्या जनावरांची आठवण झाली की सॅकचं वजन सांगायची लाज वाटते.

माथ्याच्या जरा अलीकडे गुहा लागते. आत तिन्ही बाजूंना दगडी बाक, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच ओळी. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. भाषा प्राकृत. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी असा सगळा हिशेब त्यात आहे, तोही आकड्यांत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणना होते. आणि त्याच लेखात महिना महिना उपवास करणारी, व्रतस्थ राणीही आहे. समोरच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे राजे, नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, नावं तेवढी उरली. राजघराण्याने आपली ही कीर्ती आडवाटेला नव्हे, वाटसरू टेकतात तिथे कोरवली. बैलवाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे इथून जाणार, हे कोरवणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

घळीतून वर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरा सांगते. पलीकडे वाटेची राखण करणारा जीवधन, त्यामागे चावंड, हडसर, शिवनेरी. एवढे किल्ले एका वाटेभोवती का उभे राहिले, हे गाडीतून उतरणाऱ्याला कोडं वाटेल; खालून चढून आलेल्याला विचारावंही लागत नाही.

पाऊस ओसरला की एकदा तरी वैशाखऱ्याहून पहाटे निघा. बरोबर बॅटरी ठेवा, गुहेत निवांत बसा, आणि त्या अक्षरांना हात लावू नका. ती आधीच फार झिजली आहेत.