चार बाय सहा

आमच्या पिढीच्या घरांत फोटोचा आकार कुणी निवडला नाही. भाड्याच्या खोल्या जशा मिळतील तशा घ्यायच्या, तसा तो कॅमेऱ्याबरोबर मिळायचा. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री बऱ्याच घरांत होता. त्यात एकशेवीसचा रोल बसे. फोटो बारा, तेही चौरस, सहा सेंटिमीटर बाय सहा. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत गुंडी फिरवायची. आडवा की उभा, हा प्रश्नच नव्हता. म्हणून काळ्या कागदांच्या त्या अल्बममध्ये बटू नेमका मधोमध, मामा-मामी दोन बाजूंना, आणि वर वाड्याची तुळई फुकटात आलेली.

मग छत्तीसचा रोल आला. त्याची निगेटिव्ह 24 बाय 36 मिलिमीटर, म्हणजे तीनास दोन. 1925 साली बाजारात आलेल्या लायकाने रुळवलेलं माप. पोस्टकार्ड साइजही चार बाय सहा इंच, तेच प्रमाण. त्यामुळे फोटोवाला फारसं काही कापत नसे. लग्नातले ग्रुप फोटो या लांबट आकारातच शोभले: उंच मंडळी मागे, बायका खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर.

घोळ झाला तो डिजिटलमध्ये. 2000 नंतर घराघरांत आलेले छोटे कॅमेरे बहुतेक चारास तीन या प्रमाणात फोटो काढत, तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यासारखा. पडद्यावर सगळं छान दिसे. गणपतीचे फोटो कागदावर काढायला दिले की कळे. सहा इंच रुंदीला त्या फोटोला साडेचार इंच उंची लागते आणि कागद चारचाच. अर्धा इंच जाणार. यंत्र वरून पाव, खालून पाव छाटून टाकी. मखराची कमान गेली, मोदकांचं ताट अर्धं झालं. मागे उभ्या आजोबांचं टक्कल गेलं. त्याबद्दल मात्र त्यांनी तक्रार केली नाही.

लॅबवाला विचारायचा, "कापून देऊ, की पांढरी पट्टी सोडू?" पट्टी आयांना नामंजूर. पैसे अख्ख्या कागदाचे दिलेत ना!

नंतर कुणा भाच्याने कॅमेऱ्यातलं तीनास दोनचं बटण शोधलं. रुंद टीव्ही आल्यावर दुसऱ्याने सोळास नऊचं. दिवाळीला टीव्ही भरून फोटो दिसले खरे, पण हे बटण सेन्सर रुंद करत नाही, वरचा-खालचा भाग टाकून देतं. 4000 बाय 3000 चा फोटो 4000 बाय 2250 होतो. पाव हिस्सा गेला. मला विचाराल तर चारास तीनवरच काढावा, माणसांच्या डोक्यावर आणि पायाशी जागा सोडावी, आणि अल्बम की टीव्ही, हे ठरल्यावर कापावा. टाकलेलं परत जोडता येत नाही.

आताची पोरं हे ऐकत नाहीत. त्यांना स्टेटसला टाकायला उभा, नवास सोळा लागतो. त्यात भावंडांची रांग काही केल्या मावत नाही. मग मंगल कार्यालयात पोचल्याबरोबर ती आधी जिना शोधतात. धाकट्यांना वर चढवतात, जावयांना मध्ये कोंबतात आणि गुडघेदुखीवाल्या आत्यांना सगळ्यात खालची पायरी देतात.