हिवाळ्यातील शिल्लक

माझे वडील साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कचेरीतली रोजकीर्द बंद करून घरी आले म्हणजे घरखर्चाची दुसरी रोजकीर्द उघडून बसत. महिन्याची वीस तारीख उलटली की त्या वहीतली शिल्लक ते आईला नेहमी दहापंधरा रुपयांनी कमी करून सांगत. ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या पश्चात ती वही माझ्या हाती आली तेव्हा उमगली. त्या वहीची आठवण मला नॉर्वेसारख्या देशात, उणे बारा अंशांच्या थंडीत, विजेवर चालणाऱ्या मोटारीत कुडकुडत असताना व्हावी, यात काही नवल नाही; कारण मोजक्या पल्ल्याच्या अशा मोटारीने भर हिवाळ्यात परगावी निघणे आणि मोजक्या पगारात महिनाअखेरीस घरी मंगलकार्य काढणे, या दोहोंची जात एकच.

मोटार आम्ही जुनी घेतली होती. 2013 सालची, जपानी बनावटीची, 24 किलोवॅट-तासांच्या बॅटरीची. त्यातले वापरायला मिळे ते वयोमानाने झिजून एकोणीसच्या आसपास आलेले. ऑस्लो शहरात तिने आम्हांस कधीही दगा दिला नाही. त्या देशात 2017 साली विकल्या गेलेल्या दर पाच नव्या मोटारींत एक निव्वळ विजेची होती, नंबराच्या पाटीवर ‘ईएल’ ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली दिसत, आणि पल्ला पुरेल की नाही या धास्तीला नॉर्वेजियन भाषेत ‘रेकेविद्देआंग्स्ट’ असा एक भारदस्त शब्दही रूढ झालेला होता. तो शब्द मी हसण्यावारी नेला, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक 14 जानेवारी 2017 रोजी, शनिवारी, संक्रांतीच्या दिवशी घडली. लिलेहामरला आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब राहत असे. ऑस्लोहून ते गाव सुमारे 180 किलोमीटर. सौ.ने पहाटे उठून गुळपोळ्या केल्या, तिळगुळाचा डबा भरला, आणि आम्ही साडेनवाच्या सुमारास, म्हणजे त्या मुलखात सूर्य नुकता कोठे वर येतो तेव्हा, तळघरातल्या उबदार गाडीतळावरून निघालो. समोरच्या तबकडीवर आकडा होता 138. मी मनाशी हिशेब केला: म्योसा तळ्याच्या दक्षिण टोकाजवळ, पाऊणशे किलोमीटरांवर, विजेचे जलद यंत्र आहे, तेथे पोहोचू तेव्हा साठएक शिल्लक राहील. त्रैराशिक बिनचूक होते. चुकले होते ते गृहीत. तो आकडा पुढच्या रस्त्याविषयी काहीच सांगत नसतो; मागच्या काही मैलांत गाडीने किती खाल्ले त्यावरून केलेला तो निव्वळ तर्क असतो, आणि माझ्या गाडीने आठवडाभर खाल्ले होते ते शहरातल्या संथ गर्दीतले, मिताहारी अन्न.

महामार्गाला लागल्यावर मी इतरांच्या बरोबरीने शंभराची गती धरली. गार्देर्मोएनच्या विमानतळापर्यंत रस्ता समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर चढतो, हे उन्हाळ्यात कधी जाणवले नव्हते. शिवाय उणे बारा अंशांतली हवा उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने अधिक दाट असते, आणि ती कापायला तितकीच अधिक शक्ती जाते. बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्याने मंदावलेली, तिचा अंतर्गत रोध वाढलेला. ब्रेक दाबताना जी थोडी वीज परत जमा व्हायची, तीही गारठलेली बॅटरी हात आखडून घेई. आणि या सर्वांवर कडी म्हणजे आतली ऊब! पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. येथे प्रत्येक अंशाची किंमत चाकांच्या वाट्यातून वसूल होते. पन्नास किलोमीटर गेलो आणि अठ्ठ्याऐंशी दिसायला हवे तेथे एकेचाळीस दिसू लागले.

मी गती पाऊणशेवर आणली आणि ऊब बंद केली. काच आतून धुरकटू लागली, ती सौ. हातमोज्याने पुसत राहिली. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, “अहो, पाय बधिर झालेत माझे.” मी तिला मागच्या आसनावरची गोधडी घ्यायला सांगितले. त्या गोधडीखाली गुळपोळ्यांचा डबा होता. तो तिने मांडीवर घेतला आणि त्यावरून गोधडी पांघरली. त्या क्षणी पोळ्यांना ऊब मिळत होती की पोळ्यांकडून तिला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तळ्याकाठचे ते यंत्र बंद होते. पडद्यावर एक तांबडी ओळ, आणि भोवती कमरेएवढे बर्फ. बारा टक्के उरले होते, पुढचे यंत्र पंधरा-सोळा किलोमीटरांवर. ते अंतर आम्ही साठाच्या गतीने, एका मालमोटारीच्या मागे राहून कापले. शेवटचे पाऊण किलोमीटर उरले असताना तबकडीवर पिवळ्या रंगाचे कासव उमटले. शक्ती अगदीच सरत आली म्हणजे ही गाडी स्वतः गती आवरते आणि तसे कळवायला कासवाचे चित्र दाखवते. लहानपणी शर्यतीत कासव जिंकते म्हणून मला केवढा आनंद होई! त्या दिवशी ते पाहून पोटात गोळा आला.

पोहोचलो. चार्जिंगची जाड तार थंडीने वेतासारखी ताठ झालेली होती. ती दोन्ही हातांनी वाकवून, खाचेतले बर्फ किल्लीच्या टोकाने उकरून जोडणी करीपर्यंत बोटांची संवेदना गेली. या जोडणीच्या पद्धतीचे नाव ‘चाडेमो’. ‘चहा तरी घेणार का?’ अशा अर्थाच्या जपानी बोलण्यावर केलेली ती कोटी आहे, कारण तेवढ्या वेळात गाडी भरावी अशी योजकांची कल्पना. गारठलेली बॅटरी मात्र यंत्र देऊ करील त्याच्या निम्मेसुद्धा घेईना. चहा झाला, वेलदोड्याची पूड घातलेले गोड पाव झाले, त्या वासाने सौ.चा रागही थोडा निवळला, आणि तासावर वीस मिनिटे उलटली. पुढे वाटेत हामार गावी गाडी भरण्यात आणखी अर्धा तास गेला. लिलेहामरला पोहोचलो तेव्हा दिवस कलू लागला होता, आणि तिळगुळ असा कडक झाला होता की गोड बोलण्यापूर्वी दातांची तजवीज करावी लागावी.

त्या रात्रीपासून मी वही घातली. तारीख, तपमान, वाऱ्याची दिशा, रस्ता कोरडा की चिखलबर्फाचा, गती, आणि दर दहा किलोमीटरांना किती टक्के. तबकडीवरच्या किलोमीटरांच्या आकड्यावर मी चिकटपट्टी लावली; टक्के तेवढे पाहावयाचे. दोन हिवाळ्यांत त्या वहीने जे शिकवले ते एवढेच, की गाडी निघण्याच्या वेळी भरून पुरी व्हावी, आधीच नव्हे, म्हणजे बॅटरी थोडी कोमट असते. आतली ऊब तार जोडलेली असतानाच करून घ्यावी. मुक्कामी पोहोचताच, बॅटरी निवण्यापूर्वी, तार जोडावी, सकाळवर ढकलू नये. आणि हवा तापवण्यापेक्षा आसन तापवावे, त्याला विजेच्या दिव्याइतकेच लागते. प्रत्येक यंत्रापाशी पोहोचताना त्याच्या पुढचे यंत्र गाठण्याइतकी शिल्लक हाती हवी, हे कलम मी तांबड्या शाईने लिहिले आहे.

पुढल्या जानेवारीत पुन्हा निघालो. उणे चौदा. त्याच तळ्याच्या टोकाशी येताना सौ.ने गोधडीतून विचारले, “किती उरलं?”

“पंधरा टक्के,” मी म्हणालो. तबकडीवर सत्तावीस होते.

तिने चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून वाकून तबकडी पाहिली, आणि एक शब्दही न बोलता उबेचे बटण दाबले.